माळावरची भांगलण

निपाणीच्या बाजारात एकदा माझ्या बैलानं तंबाखूनं भरलेल्या बोदावर तोंड टाकलं. परतीच्या वाटेवर तवंदी घाटात तो शिंकला, तेव्हा संकेश्वरपर्यंतच्या घरांची कौलं सरकली. तिकडचे लोक अजून पावसाळ्याआधी घर शाकारताना माझ्या नावानं बोटं मोडतात. ही गोष्ट मी कंग्राळीपासून कडोलीपर्यंत प्रत्येक पारावर सांगितलेली आहे आणि आजवर एकानंही मला बैल दाखव म्हटलेलं नाही.

माळावरच्या भांगलणीचा विषय निघाला की मात्र मी चंची उघडतो आणि पान लावत बसतो. त्या गोष्टीत वाढवायला जागाच नाही. थोडं कमी करून सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही जमत नाही.

आमचं गाव बेळगुंदीच्या वरच्या अंगाला. खाली भात, त्याच्या वर रताळ्याची रानं आणि सगळ्यांच्या वर जांभ्या दगडाचा माळ. पूर्वी त्या माळावर गवत असायचं आणि पावसात बारकी बारकी फुलं. मग कधीतरी तिथं आकेशियाची झाडं लावली गेली. झाडं वाढली, खाली सावली पडली, पाल्याचा थर साचला आणि फुलं गेली. ती गेली हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. लांबून माळ हिरवा दिसत होता, तेवढं आम्हाला पुरे होतं.

ध्यानात आलं ते कल्याणीबाईंच्या. या बेळगावच्या, कॉलेजात झाडापाल्याचं शास्त्र शिकवणाऱ्या. चार पिढ्या शहरात काढलेल्या घरातल्या, पण चिखलात अशा गुडघे टेकून बसायच्या की आमची मालुबाई म्हणायची, "एवढं टेकणं देवळात केलं असतं तर देवी कवाच पावली असती." बाईंनी परवानगी काढून माळाच्या एका तुकड्यावरची आकेशिया काढून घेतली, भोवती तारेचं कुंपण घातलं, फाटक बसवलं. बाहेर बोर्ड लावला, त्यावर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत आमच्या गावाचं नाव. आणि आत काय केलं? काहीच नाही. पाणी नाही, खत नाही, एक रोप लावलं नाही. जमिनीच्या पोटात जुनं काही शिल्लक आहे का आणि ते आपणहून वर येतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. पावसाळ्यात त्या येत, पाइपची चौकट गवतावर ठेवत आणि चौकटीत काय काय उगवलंय ते मोजत.

पहिल्या वर्षी रानमोडीचं तणच जास्त आलं. दुसऱ्या वर्षी गवतानं तिला दाबलं. तिसऱ्या पावसाळ्यात कंदीलपुष्प आलं. बारीक दांड्यावर उभं, हिरवट पांढरं, लहानशा कंदिलासारखं फूल. मी पाऊण आयुष्य या माळावर गुरं वळली, पण मला ते आठवत नव्हतं. बाई त्याच्यापुढं इतका वेळ गप्प बसल्या की भावकूला वाटलं, यांना साप दिसला.

भावकू म्हणजे त्या तुकड्याचा राखणदार. माझ्यापेक्षा थोडा लहान, बोलायला कमी, आणि खोटं बोलायचा प्रसंग आला तर तोतरा होणारा. फाटकाची किल्ली तो कंबरेच्या करगोट्याला बांधून फिरायचा. बाईंनी त्याला एकच गोष्ट सांगितली होती, "अण्णा, गुरं आत येऊ द्यायची नाहीत." तीन वर्षांत त्यानं आत शेळीचं पिल्लूसुद्धा जाऊ दिलं नाही. स्वतःच्या मेव्हण्याची म्हैस फाटकाला घासली म्हणून तो मेव्हण्याशी बोलेनासा झाला होता.

आता बेंगळुरूहून एक कमिटी यायची होती. उरलेल्या माळावरची आकेशिया तोडल्यावर तिथं काय करायचं ते ही कमिटी ठरवणार होती. जुनं गवत-फूल आपणहून परत येतं हे जागेवर दिसलं, तर सगळाच माळ तसा सोडायचा. नाही दिसलं, तर जेसीबीनं खड्डे मारून पुन्हा रोपं लावायची. बाईंनी पारावर बसून आम्हाला हे समजावून सांगितलं होतं, पण आमच्या ध्यानात साहेब येणार एवढंच राहिलं. कंदीलपुष्पाची फुलं गळून गेली होती, आता ते काडीसारखं गवतात मिसळलेलं होतं, म्हणून प्रत्येक झाडाशेजारी त्यांनी लोखंडी तार रोवून तिला नंबराची पट्टी लावली होती. "गुरुवारी साहेब येतील. हे जागेवर दिसलं की काम झालं," असं म्हणून त्या गेल्या.

रविवारी कंग्राळीचे भरमा पाहुणे आले. ते आमच्या अक्काताईचे व्याही, त्यांची मुलगी रचना अक्काताईच्या घरात दिलेली. जेवून निघताना माळाच्या रस्त्यानं गेले आणि बोर्डापाशी गाडी थांबवून, वाटेला लावायला आलेल्या अक्काताईकडं वळले.

"काय विहीणबाई, बोर्डावर गावाचं नाव एवढं मोठं, आणि आत गुडघाभर तण. भांगलणारी माणसं सरली काय तुमच्यात?"

"त्ये म्याडमचं हाय," अक्काताई म्हणाली.

"म्याडमचं असंल. नाव कुणाचं हाय?"

भरमा गेले. त्यांचं बोलणं अक्काताईच्या पोटात राहिलं. या बाईच्या रानात तण दिसलं तर सूर्यानं तोंड लपवावं अशी तिची ख्याती. दोन दिवस तिनं कसेबसे काढले आणि मंगळवारी सकाळी पारावर आली.

तो मंगळवार पाळणुकीचा होता. श्रावणात आमच्याकडं लक्ष्मीचे मंगळवार पाळतात. त्या दिवशी आपल्या शेतात पाऊल टाकायचं नाही, औत धरायचं नाही, जमिनीला लोखंड लावायचं नाही. सगळं गाव घरी, हातांना काम नाही. शेतकऱ्याच्या रिकाम्या हाताइतकी धोक्याची वस्तू मी पाहिलेली नाही, आणि मी तो शिंकणारा बैल पाहिलेला आहे.

"परवा साहेब यायचे," अक्काताई म्हणाली. "पाव्हणं यायच्या आदी आपण अंगण सारवतो का न्हाय? का तसंच बसवायचं त्यास्नी शेणात?"

"म्याडमनी सांगितलं न्हाय," भावकू म्हणाला.

"नगं म्हणाल्या काय?"

"गुरं सोडू नका म्हणाल्या."

"मग आमी काय गुरं हाव?"

भावकूनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "आज वार हाय, आक्का."

"वार आपापल्या रानाचा. त्ये रान कुणाचं सांग बघू?"

कुणाचंच नव्हतं. मला हे बोलणं इतकं पटलं की मी मान डोलावली.

"आणि लोखंड?" मालुबाईनं विचारलं.

"खुरपं कशाला पायजे? एवढा पाऊस पडलाय, जमीन लोण्यासारखी झालीया. हातानं उपटू."

मग भावकूनं करगोट्याची किल्ली सोडली. त्याच्या तोंडावर तेव्हा जो आनंद होता तो मला अजून दिसतो. म्याडमना आपणही काहीतरी द्यावं असं त्याला तीन वर्षं वाटत होतं.

सगळ्यात आधी अक्काताईनं त्या तारा काढल्या. वाराच्या दिवशी जमिनीत लोखंड कशाला? तारा तिनं टोपलीत गोळा केल्या आणि मालुबाईनं त्या फाटकाबाहेर बसून राखेनं घासल्या. पट्ट्या लखलखीत झाल्या. वरचे नंबरही गेले. मग बायका ओळीनं बसल्या, पुरुष कडेनं. गाणी झाली, थट्टा झाली. खुरप्यानं भांगललं असतं तर निदान मुळं, कंद खाली राहिले असते, पुन्हा फुटले असते. देवीच्या धाकानं आम्ही तेवढंही ठेवलं नाही. एकेक काडी मुळासकट, कंदासकट, माती झटकून उपटली. दुपार कलली तेव्हा तो तुकडा असा दिसत होता की त्यावर पंगत बसवावी. उपटलेलं सगळं कुंपणाबाहेर ढीग करून टाकलं.

"आता बोल म्हणावं व्याह्याला," अक्काताई म्हणाली.

संध्याकाळच्या बसनं रचना आली. ती बेळगावात एका ऑफिसात कामाला. बसमधून उतरली, माळाकडं बघितलं आणि डोक्यावरची ओढणी सावरायची विसरून तशीच चालत वर आली. बाईंनी तिच्या ऑफिसात एकदा फोटो दाखवून सगळं सांगितलं होतं, म्हणून तिला ठाऊक होतं.

"आत्ती, हे कुणी केलं?"

"आमी सगळ्यांनी," अक्काताई हसत म्हणाली. "चहा घेशील?"

रचना ढिगापाशी खाली बसली. "आत्ती, हेच दाखवायचं होतं. तुम्ही तण म्हणून उपटलं तेच बघायला माणसं येणार हायत."

मालुबाईनं घासलेल्या तारांची टोपली पदराखाली घेतली, जणू ती चोरीची असावी. भावकू फाटकाला कुलूप लावायला गेला आणि लावता येईना म्हणून तसाच उभा राहिला.

"म्याडमना फोन करू काय?" रचनानं विचारलं.

आता सांगतो. त्या वेळी कुणीतरी व्हय म्हणायला हवं होतं. झालेली गोष्ट झाली होती, पण बाईंकडं आधीचे फोटो होते, तीन पावसाळ्यांची मोजणी होती. फोन गेला असता तर त्यांनी साहेबांना येण्याआधीच सांगितलं असतं. पण लाज फार वाईट. ती माणसाला तोंड उघडू देत नाही, आणि हात गप्प ठेवू देत नाही. अक्काताई म्हणाली, "उपटलंय तसं परत लावू."

बुधवारी सकाळी आम्ही परत लावलं.

लावणारे कोण, तर जन्मभर भाताची रोपं लावलेल्या बायका. त्यांनी दोन टोकांना दोरी धरली, कमरेत वाकल्या आणि मागं मागं सरकत लावत गेल्या. गाणं कुणीतरी सुरू केलं, ते मध्येच बंद पडलं. कोमेजलेलं एकेक रोप वितीच्या अंतरावर, मुळाशी चिखल दाबून. मधल्या ओळी गवताच्या, कडेच्या तेरड्याच्या. मालुबाईनं रंगसुद्धा साडीच्या काठासारखे जुळवले. एके ठिकाणी जागा रिकामी राहिली, तिथं तिनं घरातून फुललेला झेंडू आणून लावला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"रिकामं दिसतंय," ती म्हणाली.

कंदीलपुष्प कुठलं ते कुणालाच ओळखता आलं नाही. तारा अंदाजानं रोवल्या.

आणि मग गावानं माझ्याकडं तोंड केलं. "तात्या," अक्काताई म्हणाली, "जन्मभर फुकट थापा मारल्यास. एक गावासाठी मार."

मला लाज वाटायला हवी होती. उलट मला बरं वाटलं. मी झटक्यात गोष्ट तयार केली. खानापूरच्या रानातनं गव्यांचा कळप आला, म्होरक्याच्या कपाळावर पांढरा चांद, कुंपण ओलांडून आत शिरले, चरले, तुडवलं. आम्ही हलगी वाजवून हाकललं आणि म्याडमचं काम वाचावं म्हणून जेवढं उरलं तेवढं नीट करून ठेवलं. गावानं मान डोलावली.

"पण तात्या सांगतील तर म्याडम हसतील," रचना म्हणाली. "तात्यांचं कोण खरं मानतंय?" ती हे खाली मान घालून म्हणाली. तिला यात यायचं नव्हतं, पण सासूच्या घरात ती एकटी काय करणार?

"भावकूनं सांगायचं," अक्काताई म्हणाली. "भावकू खोटं बोलत न्हाय."

भावकू दुपारभर माझ्यापुढं शाळेतल्या पोरासारखा बसून ती गोष्ट घोकत होता.

"गवे किती होते?"

"किती का असंनात."

"म्याडमनी इचारलं तर? मला ठाऊक पायजे की."

"लई होते म्हण."

"चांद कुठं होता म्हणालास?"

"चांद सोड भावकू."

"न्हाय, तू सांगितलाईस तसंच म्हणतो. माझ्या मनचं काय घालत न्हाय."

गुरुवारी बाई साहेबांच्या आधी चालत वर आल्या. अंगात रेनकोट, हातात ती पाइपची चौकट. फाटकापाशी आल्या आणि थांबल्या. त्यांनी तो तुकडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला. मग झेंडूकडं बघितलं.

भावकू पुढं झाला. "म्याडम, गवे आले होते. खानापूरच्या रानातनं. लई होते. म्होरक्याच्या कपाळावर, पांढरा, चांद..." तो अडखळला, माझ्याकडं वळून बघितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. "गवे आले होते म्याडम."

बाई हळूच म्हणाल्या, "गव्यांनी दोरी धरून लावण केली काय, अण्णा?"

दुसऱ्या कुठल्या दिवशी सगळं गाव पोट धरून हसलं असतं. माझी थाप भावकूच्या तोंडात मासळीचा काटा अडकावा तशी अडकली होती, आणि मी चार हातांवर उभा राहून बघत होतो.

तेवढ्यात साहेब आले. गव्यांची गोष्ट वर येतानाच त्यांच्या कानावर पडली होती. मोठे साहेब तुकड्याभोवती एक फेरी मारून आले. खाली वाकून त्यांनी एक रोप दोन बोटांनी धरलं. ते अलगद वर आलं. त्यांनी दुसरं धरलं, तेही आलं.

"हे लावलेलं आहे," ते कन्नडमध्ये म्हणाले. आमच्यात कन्नड न समजणारं कोणी नाही.

"व्हय साहेब," भावकू म्हणाला. त्याचा आवाज आता मोकळा झाला होता. खरं बोलायला त्याला शिकवावं लागत नाही. "आमीच उपटलं, आमीच लावलं. तण वाटलं. म्याडमना काय ठाऊक नव्हतं."

"आत्ताच तुम्ही गवे म्हणत होता."

"त्ये खोटं."

"मग हे खरं कशावरून?" साहेबांनी विचारलं. ते रागावलेलेसुद्धा नव्हते. बाईंकडं वळून म्हणाले, "फोटो आहेत, मान्य. पण आज झेंडू लावणारी माणसं आहेत, तर आधीचं फूलही कुणी आणून लावलं नसेल, हे मी वर कसं लिहू?"

तीन पावसाळे त्या बाई चिखलात गुडघे टेकून बसल्या, आणि त्यांच्याच तोंडावर हे विचारलं गेलं. आमच्यासमोर. आमच्यामुळं. अक्काताई पुढं सरकली, "साहेब, आमची शप्पत," म्हणाली आणि थांबली. कुणाची शपथ घ्यायची? आदल्या दिवशी त्याच हातांनी दोरी धरली होती.

बाई एवढंच म्हणाल्या, "तप्पु नंदु." म्हणजे चूक माझी. त्यांना म्हणायचं होतं, गुरं सोडू नका म्हणून मी सांगितलं, भांगलू नका म्हणून सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही.

मला आयुष्यात पुष्कळ शिव्या मिळालेल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मी कमावलेल्या आहेत. पण त्या दोन शब्दांनी मान जेवढी खाली गेली तेवढी कुठल्याच शिवीनं गेली नव्हती.

साहेब लोकांसाठी अक्काताईच्या घरी स्वयंपाक केलेला होता. ते न जेवता गेले. बाई मात्र आल्या. पाटावर बसल्या, भाकरी मोडली, रताळ्याची भाजी मागून घेतली. कुणाला वाईट वाटू नये म्हणून त्या जेवत होत्या हे सगळ्यांना दिसत होतं. अक्काताई वाढायला वाकली ती वाकलेलीच राहिली, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

भावकू उंबऱ्याबाहेर बसला होता. बाई निघाल्या तसा उठला आणि किल्ली पुढं केली.

"असू दे अण्णा तुमच्याकडं," बाई म्हणाल्या.

"म्याडम, शिव्या तरी द्या."

"कशाला?" त्यांनी चपला घातल्या आणि बसच्या रस्त्याला लागल्या. चौकट फाटकापाशीच विसरल्या होत्या. ती भावकूनं धुऊन, घरात देवघराच्या वर खुंटीला टांगून ठेवली.

उन्हाळ्यात जेसीबी आला. सगळ्या माळावर खड्डे पडले, खड्ड्यांत रोपं बसली. बाईंचा तेवढा तुकडा मध्येच राहिला, हातरुमाल पडल्यासारखा. गावातली माणसं बेळगुंदीला जायला आता खालचा, चिखलाचा रस्ता धरतात. लांब पडतो. कुणी कुणाला कारण विचारत नाही.

या पावसाळ्यात बाई पुन्हा आल्या. आम्ही लावलेल्या ओळींतलं एकही रोप जगलं नव्हतं. उघड्या पडलेल्या मातीवर रानमोडी दाटली होती, पहिल्या वर्षापेक्षा जास्त. आणि झेंडू. मालुबाईच्या एका झाडाचं बी सांडलं होतं, ते कुंपणाच्या आत निवांत रुजलं. बाहेर असता तर शेळीनं तरी खाल्ला असता. पण भावकूनं शेळी आत जाऊ दिली नव्हती.

भावकू दोन्ही हात काखेत दाबून फाटकापाशी उभा होता. अलीकडं तो तिथं असाच उभा राहतो. "म्याडम, एवढा झेंडू उपटू काय?" त्यानं विचारलं.

"नको अण्णा," बाई म्हणाल्या. "आता जे आलंय ते मोजायचं." आणि गुडघे टेकून त्यांनी भावकूनं आणून दिलेली चौकट झेंडूवर ठेवली.

त्या मोजत होत्या तेव्हाच भरमा पाहुणे लेकीला भेटून माघारी निघाले होते. त्यांना आमचा खालचा रस्ता ठाऊक नाही. बोर्डापाशी त्यांनी गाडी थांबवली, पिवळ्याधमक फुलांकडं बघितलं आणि कुंपणाशी माझ्याजवळ उभ्या असलेल्या अक्काताईला हाक मारून म्हणाले, "हां, आता कसं बागेसारखं दिसतंय, विहीणबाई. आता गावाचं नाव शोभलं."

बाईंनी मान वर केली नाही. अक्काताईनं माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी चंची उघडली आणि पान लावत बसलो.